९,५०० चे १५ कोटी: आकडा बरोबर आहे, पण तो कुणाचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचा हिशोब कशाचा चाललाय ते कळेल. फेब्रुवारी १९९३ मध्ये इन्फोसिसचा पब्लिक इश्यू आला तेव्हा तुमचे वडील आणि थोरले काका, दोघांनीही फॉर्म आणला होता. काकांनी भरला: १०० शेअर, ९,५०० रुपये. वडिलांनी तेवढेच पैसे घेऊन कोल्हापूरची गुजरी, म्हणजे सराफ बाजार, गाठली आणि सोनं केलं. आता व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ म्हणतो, त्या शेअरचे १५ कोटी झाले असते. मोबाइलमधलं एक ॲप म्हणतं दीड लाख. चार्ट उघडला तर नव्वदच्या दशकातला भाव एक रुपयाच्याही आत दिसतो. वर काका गेल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत इन्फोसिसचा एक जुना कागद सापडलाय. तेव्हा खरं काय, आणि आता आपणही असाच एखादा आयटीचा शेअर हेरून ठेवावा का, असं तुम्ही विचारताय.

तिन्ही आकडे एकाच शेअरचे आहेत. गडबड भावात नाही, शेअरच्या संख्येत आहे. जुन्या गुंतवणुकीचा हिशोब करताना मी भावाकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी प्रश्न एकच: तेव्हाचे १०० शेअर आज किती?

इश्यूचा भाव होता ९५ रुपये, म्हणजे १० रुपये दर्शनी मूल्य (शेअरवर छापलेली किंमत) आणि वर ८५ रुपये प्रीमियम. जून १९९३ मध्ये शेअर १४५ रुपयांना बाजारात नोंदला गेला. त्यानंतरचा प्रवास असा. १९९४ ला एकास एक बोनस (हातातल्या एका शेअरमागे एक फुकट), १०० चे २००. १९९७ ला पुन्हा एकास एक, ४००. १९९९ ला पुन्हा, ८००. २००० च्या सुरुवातीला १० रुपयांच्या शेअरचे ५ रुपयांचे दोन झाले (यालाच स्प्लिट म्हणतात), १,६००. २००४ ला एकास तीन बोनस, म्हणजे ६,४००. २००६ ला एकास एक, १२,८००. २०१४ च्या डिसेंबरात २५,६००, २०१५ च्या जूनमध्ये ५१,२००, आणि २०१८ च्या सप्टेंबरात १,०२,४००.

१०० चे १,०२,४००, म्हणजे १,०२४ पट. आज भाव १,५०० रुपये धरू. तो रोज हलतो, तुम्ही वाचाल त्या दिवशीचा घाला. १,०२,४०० गुणिले १,५०० म्हणजे १५ कोटी ३६ लाख. व्हिडिओवाला खोटं बोलत नाही.

ॲपने काय केलं? १०० शेअर गुणिले १,५०० रुपये, दीड लाख. बोनस आणि स्प्लिट त्याने धरलेच नाहीत. चार्टने उलटं केलं. त्याने आजचा शेअर हे माप धरून जुने भाव मागे भागत नेले. ९५ भागिले १,०२४ म्हणजे सव्वानऊ पैसे. एनएसई या शेअर बाजारात शेअरचे व्यवहार सुरू झाले नोव्हेंबर १९९४ मध्ये, त्यामुळे त्यांच्या चार्टवर इश्यूचा भाव तुम्हाला सापडणारच नाही. जे दिसतं ते पुढचं, पण तेही असंच भागलेलं. गुळाची ढेप फोडून दोन केल्या म्हणून वजन वाढत नाही. फक्त एका तुकड्याचा भाव निम्मा होतो. बोनसच्या दिवशीही हेच होतं. भाव निम्म्यावर येतो आणि संख्या दुप्पट होते, त्या दिवशी मालक श्रीमंतही होत नाही आणि गरीबही नाही. श्रीमंत होतो तो त्यानंतर भाव पुन्हा चढतो म्हणून.

हा हिशोब घरी करणारे ठरावीक दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे एकास तीन बोनस. लोक तीनने गुणतात. पण हातातला एक जागेवर राहतो आणि वर तीन नवे येतात, म्हणजे चार. इथे तीनने गुणलं तर शेवटी ७६,८०० शेअर येतात आणि पावणेचार-चार कोटी आपोआप गायब होतात. दुसरी चूक याहून महाग आणि उलट दिशेची आहे. चार्टवरून आधीच भागलेला जुना भाव उचलायचा, तो भाव देऊन किती शेअर आले असते ते काढायचं, आणि वर बोनसने पुन्हा गुणायचं. तसं केलं की रक्कम हजार पटीने फुगते. नियम साधा ठेवा. जुना कागदावरचा भाव घेतला तर बोनसने गुणायचं, चार्टचा भाव घेतला तर अजिबात गुणायचं नाही. बोनस आणि स्प्लिटची यादी कंपनीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर किंवा बीएसईच्या साइटवर त्या कंपनीच्या नावाखाली मिळते. ती तारखेच्या क्रमाने कागदावर उतरवून घ्या आणि एकेक ओळ गुणत खाली या. दहा मिनिटांचं काम आहे.

सराव म्हणून टीसीएस करून बघा, ते सोपं आहे. ऑगस्ट २००४ मध्ये इश्यू ८५० रुपयांना आला. २००६, २००९ आणि २०१८ असे तीन वेळा एकास एक बोनस मिळाले, म्हणजे एकाचे आठ. भाव ३,००० धरला तर ८५० चे २४,००० होतात. एकवीस वर्षांत अठ्ठावीस पट, दरसाल सव्वासतरा टक्के, लाभांश वेगळा. उत्तर जुळलं तर पद्धत हाताला बसली समजा. सगळ्याच कंपन्या इतक्या सरळ नसतात. विप्रोने २०१३ मध्ये आयटी सोडून बाकीचा धंदा वेगळ्या कंपनीत काढला, आणि ती नवी कंपनी बाजारात नोंदलेली नाही. तिथे नुसत्या बोनसच्या यादीवर भागत नाही. हक्कभाग (जुन्या भागधारकांना पैसे भरून मिळणारे नवे शेअर) निघाला असेल तर तेव्हा जादा पैसे भरले की नाही, तेही विचारावं लागतं.

आता दर. 'सोळा हजार पट' हे ऐकायला भारी आहे, पण तुलनेला कुचकामी. शेवटची रक्कम भागिले सुरुवातीची रक्कम, त्याला १ भागिले वर्षं हा घात, आणि त्यातून १ वजा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की घाताचं बटण दिसतं. १५,३६,००,००० भागिले ९,५०० म्हणजे साधारण १६,१६८. बत्तीस वर्षं धरली तर दर येतो ३५.४ टक्के. दरसाल, चक्रवाढ.

पण हा दर बत्तीस वर्षांत सारखा पडलेला नाही, आणि व्हिडिओत नेमकं हेच कधी सांगत नाहीत.

मार्च २००० मध्ये, आयटीच्या तेजीच्या टोकाला, इन्फोसिसचा ५ रुपये दर्शनी मूल्याचा शेअर १३,००० च्या वर गेला होता. तेव्हा काकांकडे १,६०० शेअर असते. १३,००० ने गुणलं तर २ कोटी ८ लाख. ९,५०० ला सात वेळा तीनने गुणा: २ कोटी ७ लाख ७६ हजार. म्हणजे पहिली सात वर्षं पैसे दरवर्षी तिप्पट होत गेले.

पुढची पंचवीस वर्षं? २००० च्या एका शेअरचे आजपर्यंत ६४ झाले. १३,००० भागिले ६४ म्हणजे आजच्या मापात २०३ रुपये. २०३ चे १,५०० व्हायला पंचवीस वर्षं लागली, दरसाल सव्वाआठ टक्के. लाभांशाचे दीड-दोन टक्के मिळवले तरी गाडी दहाच्या आसपास. मधल्या वाटेवर काय होतं तेही बघा. २००१ मध्ये भाव त्या टोकाच्या चौथ्या हिश्श्याच्याही खाली आला. १० एप्रिल २००३ ला कंपनीने पुढच्या वर्षाचा अंदाज बाजाराच्या अपेक्षेपेक्षा कमी दिला, तर एका दिवसात चतुर्थांशाहून जास्त किंमत उतरली. मार्च २००० चा टप्पा पुन्हा गाठायला २००६ उजाडलं.

म्हणून 'इन्फोसिसने किती दिले' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. फेब्रुवारी १९९३ ला घेणाऱ्याला ३५ टक्के, मार्च २००० ला घेणाऱ्याला आठ. कंपनी तीच, व्यवस्थापनही बऱ्यापैकी तेच. फरक पडला तो घेताना किती मोजले यामुळे.

आता वडिलांचं सोनं. त्या वर्षी दहा ग्रॅमचा तोळा चार हजारांच्या किंचित वर होता, म्हणजे ९,५०० ला सव्वादोन तोळ्यांच्या आसपास आलं असेल. भाव लाख रुपये तोळा धरला तर आज दोन लाख तीस हजारांच्या घरात. दरसाल दहा-साडेदहा टक्के. दागिना केला असेल तर घडणावळ गेली आणि मोडायला गेलात तर घटही धरतील, पण दागिना अंगावर मिरवला त्याचा हिशोब मी करत नाही. सेन्सेक्स १९९३ सालात दोन हजारांपासून तीन हजारांच्या वरपर्यंत फिरला. मधला अडीच हजार धरा, आज ऐंशी हजार धरा. बत्तीस वर्षांत बत्तीस पट, म्हणजे ९,५०० चे तीन लाख चार हजार, दरसाल सुमारे साडेअकरा टक्के, लाभांश वेगळा. सोन्यापेक्षा थोडं जास्त. वडील काही गाढवपणा करून आले नव्हते.

आणि गंमत अशी की मार्च २००० पासून मोजलं तर सोनं पुढे आहे. त्या साली तोळा ४,४०० च्या आसपास. एका इन्फोसिसच्या १३,००० रुपयांत साडेएकोणतीस ग्रॅम आलं असतं, ते आज तीन लाखांच्या जवळ. तो एक शेअर ठेवणाऱ्याकडे आज ६४ शेअर, म्हणजे ९६,००० रुपये आणि मधले लाभांश. सुरुवातीची तारीख निवडणाऱ्याच्या हातात निकाल असतो. अशी तुलना कुणी दाखवली की मी पहिल्यांदा तारीख बघतो.

१५ कोटींच्या आकड्यात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत, एक वाढवणारी आणि एक कापणारी.

वाढवणारी म्हणजे लाभांश. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी इन्फोसिसने शेअरमागे २१ रुपये अंतरिम आणि २२ रुपये अंतिम असे ४३ रुपये दिले. १,०२,४०० शेअरवर ते ४४ लाख ३ हजार २०० रुपये. एका वर्षाचे. ९,५०० रुपयांच्या मूळ रकमेवर! लाभांश धरून नेमका दर हवा असेल तर प्रत्येक लाभांशाची तारीख आणि रक्कम एक्सेलमध्ये टाकून एक्सआयआरआर (वेगवेगळ्या तारखांच्या रकमांवरून निघणारा वार्षिक दर) काढावा लागतो, आणि प्रत्येक ओळीला त्या दिवशीची शेअरसंख्या वापरावी लागते, आजची नव्हे. १९९५ च्या लाभांशाला १,०२,४०० ने गुणलेले तक्ते सर्रास फिरतात. एप्रिल २०२० पासून लाभांशावर ज्याच्या त्याच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, म्हणजे वरच्या स्लॅबमधल्या माणसाचा जवळपास तिसरा हिस्सा तिथेच जातो. कंपनीने शेअर परतही विकत घेतले, २०१७ मध्ये १,१५० रुपयांनी. तेव्हा काही दिले असतील तर संख्या तेवढी कमी धरायची.

कापणारा म्हणजे विक्रीवरचा कर, आणि इथे बोनसचा एक बारकावा आहे जो सीए सोडून फारसं कुणी धरत नाही. २३ जुलै २०२४ पासून नोंदणीकृत शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाख सोडून, साडेबारा टक्के कर आहे. जुन्या शेअरना ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदीभाव म्हणून धरायची सवलत आहे. इन्फोसिसचा तो भाव साडेअकराशेच्या आसपास होता. पण त्या दिवशी काकांच्या नावावर असते ५१,२०० शेअर. उरलेले ५१,२०० सप्टेंबर २०१८ च्या बोनसचे, आणि त्यांना ही सवलत नाही. त्यांची खरेदी किंमत शून्य.

आकड्यात बघू. पहिल्या निम्म्यावर १,५०० वजा १,१५०, शेअरमागे ३५० रुपये नफा, एकूण १ कोटी ७९ लाख. दुसऱ्या निम्म्यावर सगळे १,५०० नफ्यातच, एकूण ७ कोटी ६८ लाख. मिळून साडेनऊ कोटींच्या जवळ नफा, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे १ कोटी १८ लाख. एकाच वर्षात सगळे विकले तर अधिभार आणि उपकर धरून १ कोटी ४० लाखांच्या आसपास. स्प्लिटमध्ये असं होत नाही, तिथे जुनी किंमत नव्या तुकड्यांत वाटली जाते. संख्येच्या हिशोबात बोनस आणि स्प्लिट सख्खे भाऊ, कराच्या हिशोबात नाहीत. डिमॅटमध्ये, म्हणजे शेअरच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं धरतात, म्हणून सुरुवातीच्या विक्रीवर कर कमी दिसतो आणि नंतर एकदम अंगावर येतो. थोडे विकून 'कर काहीच नाही की' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता तुमचा पुढचा प्रश्न: असा शेअर शोधू का?

१९९३ मध्ये इन्फोसिस शोधणं अवघड नव्हतं. इश्यू पूर्ण भरलाच नव्हता. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन बँकेने कंपनीचा तेरा टक्के हिस्सा इश्यूच्याच भावात उचलला. म्हणजे कोल्हापुरातून फॉर्म भरणाऱ्यालाही अलॉटमेंट मिळालीच असती. अवघड होतं ते ठेवणं. जूनमध्ये १४५ ला विकलं असतं तर चार महिन्यांत ९,५०० चे १४,५००, म्हणजे बावन्न टक्के. त्या काळात अख्ख्या महाद्वार रोडने त्या माणसाला हुशार म्हटलं असतं. पैसे तिप्पट झाल्यावर विकणारा शहाणा, दहापट झाल्यावर विकणारा महाशहाणा, आणि २००० साली दोन कोटींना विकून बंगला बांधणारा तर गावात आदर्शच. यातल्या कुणाचंही चुकलं नाही. १५ कोटी मिळतात ते यापैकी काहीच न करणाऱ्याला, आणि २००१ मध्ये दोन कोटींचे पन्नास लाखांच्या आत येताना बघूनही गप्प बसणाऱ्याला. असे लोक आहेत. त्यातले बरेच कागद ठेवून विसरलेले होते.

शिवाय त्या वेळी इन्फोसिस एकटी नव्हती. १९९९-२००० मध्ये पेंटामीडिया ग्राफिक्स, डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्व्हरलाइन टेक्नॉलॉजीज ही नावंही त्याच दमात घेतली जायची. २००१ मध्ये केतन पारेख या दलालाचं शेअर घोटाळ्याचं प्रकरण फुटलं आणि या शेअरच्या मालकांकडे नुसते कागद उरले. त्यांच्यावर 'किती झाले असते' असा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

सत्यमचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं, कारण ते लोकांना वाटतं तसं संपलं नाही. ७ जानेवारी २००९ ला या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशोब खोटे असल्याची कबुली दिली आणि १७९ च्या आसपासचा शेअर एका दिवसात चाळिशीत आला. २०१३ मध्ये कंपनी टेक महिंद्रात विलीन झाली, सत्यमच्या १७ शेअरना टेक महिंद्राचे २. २०१५ मध्ये टेक महिंद्राने एकास एक बोनस दिला आणि १० चा शेअर ५ चा केला, म्हणजे दोनाचे आठ. आता आदल्या दिवशी १७९ ने १७ शेअर घेणाऱ्या कमनशिबी माणसाचा हिशोब: त्याने ३,०४३ रुपये घातले. आज त्याच्याकडे ८ शेअर, भाव १,५०० धरला तर १२,०००. दरसाल पावणेनऊ टक्क्यांच्या जवळपास! देशातल्या सगळ्यात बदनाम घोटाळ्याच्या आदल्या दिवशी घेऊन. इन्फोसिस टोकाला घेणाऱ्यापेक्षा हा किंचित पुढेच आहे. अर्थात त्यासाठी २००९ मध्ये चाळीस रुपयांना न विकणं भाग होतं. विलीनीकरणात अपूर्णांक कसा जातो तेही इथे कळतं. १०० सत्यमचे ११.७६ होतात, ११ शेअर मिळतात आणि उरलेल्या ०.७६ चे पैसे येतात. हा छोटा चेक पत्ता बदलल्यामुळे परत गेलेला असतो आणि फोलिओत, म्हणजे कंपनीकडच्या भागधारकाच्या खात्यात, पडून राहतो.

तेव्हा माझं मत: एकच शेअर हेरून त्यावर घराचा पैसा लावणं हा हिशोब नव्हे, नाद आहे. बहुतेक रक्कम इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात) ठेवा, आणि नाद पुरवायचाच असेल तर जी रक्कम शून्य झाली तरी घरात ताटावर परिणाम होणार नाही तेवढीच घ्या. किती, ते तुमचं वय, कर्ज आणि पगार फिक्स आहे की शिरोलीच्या कारखान्यासारखा ऑर्डरवर चालतो यावर ठरतं. मी इथून टक्का सांगणार नाही.

ट्रंकेतल्या कागदाबद्दल मात्र ठोस बोलता येतं, आणि खरं तर तुमच्या प्रश्नातला तोच भाग पैशाचा आहे.

आधी तो कागद नेमका काय आहे ते बघा. फॉर्मची पावती, अलॉटमेंटचं पत्र, जुना डिव्हिडंड वॉरंट (लाभांशाचा चेक) आणि शेअर सर्टिफिकेट हे चार वेगळे कागद. सर्टिफिकेट असेल तर त्यावर फोलिओ क्रमांक, सर्टिफिकेट क्रमांक आणि 'अमुकपासून तमुकपर्यंत' असे शेअरचे क्रमांक असतात. मागे हस्तांतराचे रकाने असतात. शेवटचं नाव कुणाचं ते पाहा. त्या काळात शेअर विकला की सर्टिफिकेट घेणाऱ्याकडे जायचं, आणि डिमॅट केला तर जमा करावं लागायचं. म्हणून घरात सर्टिफिकेट असणं हे चांगलं लक्षण आहे. पण पुरावा नव्हे. दर्शनी मूल्य बदललं की जुना कागद रद्द होऊन नवा येतो, आणि काकांनी नवा विकून जुना आठवण म्हणून ठेवला असेल तर तो फ्रेम करण्यापुरताच. बोनसचे कागद दर वेळी वेगळे यायचे. कागदावरच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, फोलिओत आज किती आहेत तेवढंच खरं.

ते सांगू शकतो कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणारी संस्था. इन्फोसिससाठी ही कंपनी हैदराबादची केफिन टेक्नॉलॉजीज. काकांचं नाव, फोलिओ क्रमांक आणि कागदाचा फोटो देऊन ईमेल करा आणि तीनच गोष्टी विचारा: या फोलिओत आज किती शेअर आहेत, ते कंपनीकडे आहेत की आयईपीएफ या सरकारी निधीकडे गेले, आणि किती लाभांश न घेतलेला आहे. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर शेअर सरकारच्या आयईपीएफ खात्यात जातात. तिथे गेले म्हणजे बुडाले नाहीत, त्यांच्यावरचा बोनसही तिथेच जमा होतो. तिथून सोडवायला आधी कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरचं हस्तांतर बंद आहे, वारसाच्या नावावर करायची वाट मात्र उघडी आहे. त्यासाठी वारसाचं डिमॅट खातं लागेल.

वारस कोण, हा प्रश्न ईमेलच्या आधी मिटवा. तुम्ही पुतणे आहात. हक्क काकूंचा आणि चुलत भावंडांचा. काकांनी नामनिर्देशन केलेलं नसेल, आणि कागदी शेअरची किंमत पाच लाखांच्या वर असेल, तर साध्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही. कसबा बावड्याच्या न्यायालयातून वारसाहक्काचं प्रमाणपत्र आणावं लागेल; मृत्युपत्र असेल तर ते तसंच चालेल की त्याचं प्रोबेट (ते खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) लागेल, हे रजिस्ट्रारला विचारा. केवायसीला आयएसआर-१, बँकेकडून सही तपासून घ्यायला आयएसआर-२, कागद गहाळ असतील तर आयएसआर-४, वारसाच्या नावासाठी आयएसआर-५ असे फॉर्म आहेत, रजिस्ट्रारच्या साइटवर फुकट मिळतात.

काम बहुतेक वेळा अडतं ते नावावर. शेअरवर 'डी. बी. पाटील', मृत्यूच्या दाखल्यावर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्तात्रेय', आणि सातबाऱ्यावर घरातलं हाक मारायचं नाव. चारही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र पहिल्या खेपेलाच जोडा, नाहीतर प्रत्येक त्रुटीपत्राला महिना-दीड महिना जातो. न्यायालयाच्या अर्जात शेअरची संख्या फोलिओप्रमाणे लिहा, कागदाप्रमाणे नको. १०० लिहिलंत आणि फोलिओत १,०२,४०० निघाले तर प्रमाणपत्र १०० चंच मिळेल आणि पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं टक्केवारीवर करून देतो म्हणणारे भेटतील. यातला एक टक्का म्हणजे १५ लाख होऊ शकतो, हे सांगून ठेवतो. वकिलाची ठरलेली फी आणि एका सीएचे चार तास एवढ्यात हे काम होतं. कुणालाही मूळ सर्टिफिकेट देऊ नका, आणि रजिस्ट्रारचं उत्तर येईपर्यंत त्याची झेरॉक्ससुद्धा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.